दोन दारांची गाडी

माझ्या लॅपटॉपवर ‘दोन दारं’ नावाची एक एक्सेल शीट आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू केली. पहिल्या तीन ओळींत तीन अटी आहेत. एक, गाडी एसयूव्ही हवी, पण दोनच दारांची. दोन, गाडी आणि तिच्यावरचं सगळं काम मिळून खर्च ६ लाखांच्या आत. तीन, ती पळाली पाहिजे.

ऑफिसातल्या मित्राने शीट पाहिली आणि म्हणाला, “पळायचंच असेल तर स्विफ्ट घे ना.” त्याचं बरोबर होतं. त्याच्या स्विफ्टला ९० हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला शंभर हॉर्सपॉवर. या हिशोबाला पॉवर-टू-वेट म्हणतात, आणि या एका हिशोबात बऱ्याच रुबाबदार गाड्यांची हवा निघते. आजची थार पेट्रोल घ्या. इंजिन १५० हॉर्सपॉवरचं, पण वजन पावणेदोन टनांच्या घरात. टनाला पडले पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे कागदावर तरी माझ्या मित्राची स्विफ्ट थारच्या पुढे.

आईचा प्रश्न वेगळा होता. “दोन दारं म्हणजे मी मागे कशी चढू?” आईचे गुडघे दुखतात. मी म्हणालो, “तू पुढे बस.” ती म्हणाली, “आणि उद्या तुझी बायको आली की?” यावर शीटमध्ये कॉलम नव्हता.

तरी मला दोन दारांचीच हवी होती. कारण विचारलं की मी इंजिनिअरसारखं उत्तर द्यायचो. दारं कमी म्हणजे लांबी कमी, लांबी कमी म्हणजे वजन कमी. पुढची-मागची चाकं जवळ, त्यामुळे गाडी पटकन वळते. (कंपन्या हिला तीन दारांची म्हणतात, कारण त्या मागचं सामानाचं दारही मोजतात. आपण माणसांची दारं मोजतो.) हे सगळं खरं आहे. पण खरं कारण हे नव्हतं, ते पुढे येईल.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांसारखा हिंजवडीत कोड लिहितो. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स, थिअरी ऑफ मशिन्स आणि ऑटोमोबाइल शिकलो, आणि प्लेसमेंटच्या दिवशी एका आयटी कंपनीने विचारलं, “रीलोकेशन चालेल ना?” मी हो म्हणालो. त्यानंतर सहा वर्षांत मी एकदाही पाना हातात धरला नाही. सहा लाख साठले तेव्हा घरच्यांना वाटलं, फ्लॅटचं डाउनपेमेंट. मला वाटलं, एकदा तरी शिकलेलं वापरावं.

तर शीट. भारतात दोन दारांच्या एसयूव्ही मोजक्याच झाल्या. माझ्या यादीत चार उरल्या.

पहिली टाटा सिएरा. १९९१ साली टेल्कोने आणली, आणि ती आपल्या पुण्यातच बनायची. मागे छपरापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा. त्या काळात पॉवर विंडो आणि एसी असलेली देशी गाडी म्हणजे अप्रूप होतं. भोसरीत एकाकडे उभी होती, बघायला गेलो. प्रेमात पडावं अशीच आहे. पण दोन लिटरचं डिझेल इंजिन, साठ-पासष्ट हॉर्सपॉवर, आणि अंगाने जड. मागच्या एका काचेच्या जागी मालकाने अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवला होता. म्हणाला, “काच फुटली की संपलं, भाऊ. वर्षभर शोधली.” २०२५ च्या शेवटी नवी सिएरा आली, तिला पाच दारं. शीटमध्ये मी लिहिलं: सुंदर, नको.

दुसरी फोर्स गुरखा. तिचं नवं रूप १४० हॉर्सपॉवरचं, पण किंमत आवाक्याच्या फार बाहेर. माझ्या बजेटमध्ये तिचे टायर आणि आरसे आले असते. तिसरी जुनी थार, २०१० साली आलेली, अडीच लिटर डिझेलची. ताकद चांगली, पण सेकंडहँड बाजारात तिचे भाव उतरायलाच तयार नव्हते. मी विचारलेली प्रत्येक गाडी साडेपाचच्या पुढे, म्हणजे काम करायला पन्नास हजार उरणार. (तीन दारांची जिम्नी आपल्या देशात बनते आणि परदेशात जाते. आपल्याकडे २०२३ साली विकायला आली ती पाच दारांची. हेही शीटमध्ये लिहून ठेवलं आहे, रागाने.)

चौथी जिप्सी.

जिप्सी तुम्ही पाहिली आहे. ताडोबात वाघ बघायला ज्यात उभं राहता ती. पोलिसांची, लष्कराची. १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली तेव्हा इंजिन होतं हजार सीसीच्याही आतलं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं आलं, नाव झालं जिप्सी किंग. २००० पासून सोळा व्हॉल्व्हचं, एमपीएफआय, ८० हॉर्सपॉवर. आणि वजन ९८५ किलो! टनाला एक्क्याऐंशी हॉर्सपॉवर, दीडशे हॉर्सपॉवरच्या थारला जवळजवळ गाठणारी, आणि हे वीस वर्षं जुन्या गाडीत, चार लाखांत. १९९९ साली ‘रेड दे हिमालय’ सुरू झाली तेव्हापासून बर्फातल्या रॅलीत लोक ती का पळवत आले, ते या एका आकड्यात आहे. शीटमधली तिची ओळ मी हिरवी केली.

मग सुरू झालं दुसरं पान: काय काय बदलायचं. सगळे आधी इंजिनकडेच धावतात, मीही धावलो. जिप्सीत जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन बसवणारे लोक आहेत. मी आकडेमोड केली. गाडी ताशी १२० ने पळते, तिला १५० ने पळवायची, तर किती जास्त ताकद लागेल? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याच्याशी लढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. १५० भागिले १२० म्हणजे सव्वा. सव्वाचा घन जवळजवळ दोन. म्हणजे वेग पाव पटीने वाढवायला इंजिन दुप्पट हवं, कारण जिप्सी म्हणजे चाकं लावलेलं कपाट आहे. सरळ रस्त्यावर तिला पळवणं हा तोट्याचा धंदा.

राहिली वळणं. आणि वळणांचा हिशोब मांडायला बसलो तेव्हा पसरणी घाट आठवला. खरं सांगायचं तर तो विसरलोच नव्हतो.

२०११ च्या मे महिन्यात मी चौदा वर्षांचा होतो आणि सुट्टीला वाईला काकांकडे गेलो होतो. चुलतभाऊ एकवीस वर्षांचा. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. तो सैन्यभरतीची तयारी करत होता; पहाटे उठून पळायचा, मला सायकलवर मागे घ्यायचा. त्याने एका शेतकऱ्याकडून जुनी उघडी जीप घेतली होती आणि वर्षभर खपून नटवली होती. पट्ट्यांखाली जाड शॅकल घालून उचललेली, मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर. अख्ख्या वाईत तशी जीप नव्हती. पाचगणीला भजी खाऊन आम्ही परत येत होतो. घाट उतरताना एका डाव्या वळणावर जीपची डावी चाकं उचलली गेली. मला आठवतं ते एवढंच, की ती फार सावकाश उचलली गेली. मग आभाळ बाजूला गेलं.

मला भुवईवर सात टाके पडले. दादाचा डावा गुडघा डॅशबोर्डखाली अडकून फुटला. दोन ऑपरेशनं झाली, पण तो पाय पुन्हा पुरता वाकला नाही. भरती संपली.

दवाखान्यात तात्यांनी, म्हणजे काकांनी, दादाला विचारलं, “किती वेगात होतास?” दादा म्हणाला, “पंचेचाळीस. मीटर बघितला होता मी.” मग तात्यांनी मला विचारलं. मी मीटर बघितलाच नव्हता. पण डोक्याला पट्टी, समोर रडणारी काकू, आणि पंचेचाळीसला गाडी उलटत नाही एवढी अक्कल मला चौदाव्या वर्षीही होती. मी म्हणालो, “ऐंशी असेल.”

त्या दिवसापासून आमच्या घरात ती गोष्ट अशीच सांगितली जाते. पोरगं ऐंशीने घाट उतरत होतं, वर खोटं बोललं. तात्यांनी जीप भंगारात घातली. दादा आता हळदीचं शेत बघतो आणि एक रोपवाटिका चालवतो. क्लच दाबणं जमत नाही म्हणून ऑटो गिअरची छोटी गाडी चालवतो. त्याने पुन्हा कधी “पंचेचाळीस” म्हटलं नाही. मीही कधी “ऐंशी” म्हटलं नाही. पण एकदा म्हटलेलं पुरलं.

मला दोन दारांची, उंच, आखूड गाडी का हवी होती आणि ती घाटात का पळवायची होती, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या फार उशिरा आलं.

गाडी वळणावर उलटेल की नाही हे सांगणारा एक साधा भागाकार आहे. दोन चाकांमधलं आडवं अंतर, म्हणजे ट्रॅक, घ्यायचं. त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. याला स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर म्हणतात. अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्था याच आकड्याच्या आधारे गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचे तारे देते. साध्या कारला हा आकडा १.३ ते १.५ येतो, उंच गाड्यांना त्याहून कमी. जिप्सीचा पुढचा ट्रॅक १३०० मिलिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर धरला तर उत्तर येतं बरोबर १.

या एकचा अर्थ काय? कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.९ धरा. फॅक्टर पकडीपेक्षा जास्त असेल तर वेग वाढवत नेल्यावर गाडी आधी घसरते. फॅक्टर पकडीपेक्षा कमी असेल तर घसरायच्या आत उलटते. घसरणारी गाडी ओरडते, टायर किंचाळतात, ड्रायव्हरला कळतं. उलटणारी गाडी काही सांगत नाही.

जिप्सीचीच आखूड बहीण अमेरिकेत सुझुकी सामुराय नावाने विकली जायची. १९८८ साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने ती वळणावर सहज उलटते असं सांगून तिला नापास केलं. १९९६ मध्ये सुझुकीने मासिकावर खटला भरला आणि २००४ मध्ये दोघांनी तडजोड केली. एका आखूड गाडीच्या उलटण्यावरून सोळा वर्षं वाद चालला. आमच्या घरातला चौदा वर्षं चालला होता, फक्त एकच बाजू बोलत होती.

रात्रीचा एक वाजला होता. मी सॅटेलाइट नकाशावर पसरणीचं ते वळण काढलं आणि मोजलं. त्रिज्या वीस मीटर. मग दादाला मेसेज केला: “जीपचे टायर कोणते होते रे?” चौदा वर्षांनी, रात्री एक वाजता, कारण न देता. दोन मिनिटांत उत्तर आलं. “सहाशे सोळाचे काढून साडेसातशे सोळा टाकलेले. का?”

सहाशे सोळाचा टायर उभा मोजला तर सुमारे ७३ सेंटीमीटर. साडेसातशे सोळाचा सुमारे ८०. म्हणजे फरक दहा टक्क्यांचा. इथे मी खुर्चीत ताठ बसलो. गाडीचा मीटर अंतर मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. चाक दहा टक्क्यांनी मोठं केलं की प्रत्येक फेऱ्याला गाडी दहा टक्के जास्त जाते, आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. काटा पंचेचाळीसवर असताना दादाची जीप एकोणपन्नासने जात होती.

आणि उंची. टायरमुळे चार सेंटीमीटर, शॅकलमुळे सहा. गुरुत्वमध्य ६५ वरून ७५ वर. तशीच एक जीप वाईत अजून आहे. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिचा ट्रॅक मी टेपने मोजला, १३० सेंटीमीटर. फॅक्टर आला ०.८७. पकडीपेक्षा कमी. वीस मीटरच्या वळणावर अशी गाडी ताशी सत्तेचाळीसला उलटते. न उचललेली जीप त्याच वळणावर अठ्ठेचाळीसच्या आसपास घसरली असती, दगडी कठड्याला घासली असती, आणि दादाने तात्यांच्या शिव्या खाऊन पत्रा ठोकून घेतला असता.

हा हिशोब कागदावरचा आहे. खऱ्या वळणावर उतार असतो, खडी असते, पट्ट्या दबतात, टायर मुडपतात. पण ऐंशीची गरजच नव्हती. दादा खरं बोलत होता.

मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

दरम्यान जिप्सीचा शोध चालूच होता. भोसरीला एक उस्ताद आहेत, रॅलीच्या गाड्या बांधतात. मी त्यांना माझी शीट दाखवली: १.६ चं इंजिन, दोन इंच लिफ्ट, २३५ चे टायर. त्यांनी चष्मा वर केला. “भाऊ, तुम्हाला पळवायचीय की फोटो काढायचाय?”

मग त्यांनी जे अर्ध्या तासात समजावलं ते मला चार वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. जिप्सीचा टायर २०५/७०, पंधराचा. त्याऐवजी २३५/७५ टाकला तर चाक पुन्हा दहा टक्क्यांनी मोठं. चाकाच्या टोकाला पोहोचणारा जोर नऊ टक्क्यांनी कमी. म्हणजे पैसे देऊन इंजिनची सात हॉर्सपॉवर फेकून द्यायची. वर लिफ्ट, म्हणजे वळणावर पाय थरथरणार. “पळणाऱ्या गाडीला आधी थांबता आलं पाहिजे,” ते म्हणाले. साठने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला वीस मीटर लागत असतील, तर ऐंशीला लागतात छत्तीस. जिप्सीला पुढे डिस्क, मागे ड्रम, चारही बाजूंना पट्ट्या. म्हणून त्यांचा क्रम असा: चांगले टायर, मूळ मापाचे. ब्रेक पॅड, ब्रेकच्या नळ्या, ऑइल. मग सगळे बुश आणि शॉकअप. मग आतलं नको असलेलं वजन काढा. इंजिन सर्वांत शेवटी, आणि तेव्हाही आधी आहे तेच नीट करा. “वीस वर्षांच्या इंजिनात ऐंशीतले साठ उरलेले असतात. ते वीस परत मिळवा. फुकटची पॉवर ती.”

आणि कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावरच्या जिप्सीत गुपचूप बलेनोचं इंजिन बसवणं म्हणजे रोज हा धोका घेऊन फिरणं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण देणं. खरोखर पळवायचं असेल तर मोकळ्या माळावरची ऑटोक्रॉस आहे, रॅली आहे. तिथे लायसन्स, हेल्मेट आणि रोलकेज लागतो. मी उस्तादांना विचारलं, घाटात पळवणाऱ्यांचं काय? ते म्हणाले, “त्यांच्या गाड्यापण येतात माझ्याकडे. टोइंगवर.”

फेब्रुवारीत फलटणजवळ एक जिप्सी सापडली. २००५ ची, एमपीएफआय, पांढरी, सॉफ्ट टॉप. मालक तीन पंच्याहत्तर म्हणत होता. गाडी बघायला जाणकार माणूस हवा होता. उस्तादांना वेळ नव्हता. मी दादाला फोन केला.

तो सकाळी सातलाच फलटणच्या स्टँडसमोर उभा होता. गाडीपाशी गेल्यावर त्याने बॉनेट उघडायला सांगितलं नाही. आधी एक फेरी मारली, मग खाली बसता येत नाही म्हणून चाकापाशी कंबरेत वाकला, आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये हाताची वीत घातली. बराच वेळ तशीच ठेवली.

“उचललीय,” तो म्हणाला. मालकाने आधीच्या मालकाचं नाव घेतलं. दादा माझ्याकडे वळला. “चार बोटं खाली घे हिला. मूळच्या पट्ट्या टाक. घेणार असशील तर तेवढं पहिलं कर.”

आम्ही साडेतीनला सौदा केला. महिन्याभरात कागद झाले, पट्ट्या मूळच्या झाल्या, टायर मूळच्या मापाचे झाले. उस्तादांच्या यादीतलं ब्रेकपर्यंतचं सगळं झालं. मी गाडी घेऊन वाईला गेलो आणि दादाला म्हणालो, चल, पाचगणीला भजी खाऊ. काकू म्हणाली, “सावकाश रे बाबा.” चौदा वर्षं झाली तरी हे वाक्य ती दादाकडे बघूनच म्हणते.

जाताना आम्ही काही बोललो नाही. उतरताना त्या वळणाच्या अलीकडे जिथे गाडी बाजूला घ्यायला जागा आहे तिथे मी थांबलो. खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं. मोबाइल काढून मी दादाला हिशोब दाखवला. टायरचा, मीटरचा, उंचीचा. सत्तेचाळीसला उलटते, तू एकोणपन्नासला होतास, काट्यावर पंचेचाळीस होते. तो स्क्रीन बोटाने वरखाली करत होता. मग मी ते वाक्य म्हणालो.

“दादा, ऐंशी मी म्हणालो होतो. तात्यांना.”

“म्हायतीय,” तो म्हणाला. “मी पलीकडच्या खाटेवरच होतो की.”

मला काही सुचेना. तो पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागला. “म्हणजे शॅकल नसते टाकले तर?”

“घसरली असती.”

“पन्नास रुपयाला एक पडला होता,” तो म्हणाला. “भंगारातून आणलेले. तू होतास बरोबर.”

त्या वळणावरून मी ताशी तीसने गेलो. त्याचा हात दारावरच्या पट्टीवर होता. पट्टी आवळली की नाही ते मी बघितलं नाही. रस्त्यावर बघत होतो.

संध्याकाळी तात्या ओट्यावर बसले होते. दादा म्हणत होता, “कशाला उकरतोस.” पण मी स्वयंपाकघरातून पोळपाट आणि दोन काडेपेट्या आणल्या. तात्यांना फॅक्टर सांगून उपयोग नव्हता. एक काडेपेटी पोळपाटावर आडवी ठेवली, एक उभी. पोळपाट हळूहळू तिरका केला. उभी पेटी पडली. आडवी तशीच होती. आणखी तिरका केला, तेव्हा ती घसरत खाली आली. “वळणावर गाडीचं हेच होतं,” मी म्हणालो. “दादाने जीप उभी पेटी केली होती. वेग नव्हता. मीटर पंचेचाळीस दाखवत होता, तो खरंच बोलला. ऐंशी मी म्हणालो, आणि मी काहीच बघितलं नव्हतं.”

तात्यांनी पोळपाट माझ्या हातातून घेतला. पेट्या परत ठेवल्या. तिरका केला. उभी पडली. त्यांनी हे तीन-चारदा केलं. मग एक काडेपेटी खिशात टाकली, कारण ती त्यांचीच होती, आणि गोठ्याकडे गेले. रात्री जेवताना त्यांनी दादाच्या ताटात स्वतःहून भाकरी वाढली. आमच्या घरात माफी एवढीच असते. दादाने ती खाल्ली.

शीट अजून आहे. इंजिनच्या कामाची ओळ रिकामी आहे. उस्ताद म्हणतात, पावसाळ्यानंतर करू, मग ऑटोक्रॉसला उतरव. खर्च आतापर्यंत ४ लाख ६० हजार. गाडी जुन्यापेक्षा पळते का? पळते; निदान सांगितल्यावर वळते आणि सांगितल्यावर थांबते, आणि त्यामुळे मीच तिला जास्त विश्वासाने चालवतो. स्विफ्टवाला मित्र सिग्नलवर अजूनही मला मागे टाकतो.

मागच्या रविवारी आई, काकू, दादा आणि मी मेणवलीला गेलो. दादा पुढे, त्याचा पाय सरळ ठेवायला तिथेच जागा आहे. आई आणि काकू मागच्या आडव्या बाकांवर, समोरासमोर. चढायला मी प्लॅस्टिकचं एक स्टूल घेतलं आहे, २२० रुपयांचं. मागचं दार उघडायचं, स्टूल ठेवायचं, दोघींना हात द्यायचा. गाडीतला हा एवढाच बदल आहे ज्याच्यासाठी मी आरटीओच्या नियमांचं पान उघडलं नाही. शीटमध्ये मात्र त्याची नोंद आहे.